फेरफार नोंदीची कार्यपद्धती आणि प्रणाली विश्लेषणाच्या दोन परंपरा : एक तुलनात्मक चिकित्सा

प्रस्तावना

कार्यालयीन काम संगणकावर आणण्यापूर्वी त्याच्या प्रवाहाचे विश्लेषण करावे लागते. या विश्लेषणाच्या पद्धतींचे स्थूलमानाने दोन परंपरांत वर्गीकरण करता येते. पहिली परंपरा कागद, माहिती आणि प्रक्रिया यांचा मागोवा घेते. दुसरी ते काम करणाऱ्या व त्या कामाने बाधित होणाऱ्या माणसांचा. महाविद्यालयीन अध्यापनात बहुधा पहिलीवरच भर असतो व दुसरी पूरक वाचनापुरती उरते. ही विभागणी कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात जमिनीच्या फेरफार नोंदीच्या आधारे केला आहे. महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचे मुख्यालय, म्हणजे जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख यांचे कार्यालय, पुण्यात आहे. त्यामुळे ई-फेरफार ही प्रणाली पुण्यातील अभ्यासकांना जवळची ठरते.

दोन परंपरा

टॉम डीमार्को यांनी १९७८ मध्ये मांडलेली संरचित विश्लेषण पद्धती पहिल्या परंपरेची प्रतिनिधी मानता येईल. बाह्य घटक, प्रक्रिया, माहितीसाठा आणि माहितीप्रवाह या चार चिन्हांत कोणतेही काम मांडता येते, हे तिचे सामर्थ्य होय.

दुसऱ्या परंपरेचा उगम कारखान्यांत व खाणींत आहे. ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश कोळसा खाणींचा अभ्यास करून, नवे यंत्रतंत्र जुने कार्यगट मोडते तेव्हा अपेक्षित लाभ हाती येत नाही, असे दाखविले. ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील स्वयंचलित मागांवर १९५३ पासून हाच विचार प्रत्यक्षात आणला. पुढे एनिड ममफोर्ड यांची ‘एथिक्स’ व पीटर चेकलंड यांची मृदू प्रणाली पद्धती या दोन पद्धतींनी तो माहिती प्रणालींच्या क्षेत्रात नेला.

वारस नोंदीचा प्रवाह

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी हक्कप्राप्तीची वर्दी द्यायची असते. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये व फेरफार नमुना ६ मध्ये होतो. नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीसाठी मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात व सातबारा बदलतो.

या प्रवाहाची आकृती काढणे सोपे आहे व तिचा उपयोगही निर्विवाद आहे. दुय्यम निबंधकांकडे नोंदविलेल्या दस्ताची माहिती संगणकाद्वारे थेट तलाठ्याकडे जाणे, नोंद कोणत्या टप्प्यावर अडली ते दिसणे, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळणे ही सारी फळे अशाच काटेकोर विश्लेषणाची आहेत. माणसाकडे पाहण्याचा आग्रह धरताना या लाभांना गौण लेखणे अन्यायाचे होईल.

तथापि एक प्रश्न या आकृतीत उमटतच नाही. संहितेच्या कलम १५० नुसार लेखी सूचना द्यायची ती अधिकार अभिलेखावरून किंवा फेरफार नोंदवहीवरून हितसंबंधित दिसणाऱ्या व्यक्तींना. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या मुलीचे नाव भावांनी अर्जात व प्रतिज्ञापत्रात दिलेच नाही, तर ती अभिलेखात दिसत नाही. दिसत नाही म्हणून तिला नोटीस जात नाही. नोटीस नाही म्हणून हरकत येत नाही. आणि हरकत नाही म्हणून नोंद प्रमाणित होते. प्रत्येक प्रक्रियेला तिचे आदान मिळते, प्रत्येक प्रदान पुढच्या टप्प्यावर पोहोचते. आकृती पूर्ण संतुलित आणि परिणाम अन्याय्य! प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते (कलम १५७), हे लक्षात घेता ही चूक किरकोळ राहत नाही. मुलींना सहदायिकीत समान हक्क देणारी १९९४ ची राज्य दुरुस्ती आणि २००५ ची केंद्रीय दुरुस्ती या टप्प्यावर कागदोपत्रीच उरू शकतात.

मृदू पद्धतीची मर्यादा

चेकलंड यांच्या पद्धतीत प्रणालीची व्याख्या करतानाच तिचा लाभार्थी कोण व बळी कोण, असे विचारले जाते. त्यामुळे अनुपस्थित मुलगी पहिल्याच पायरीवर विश्लेषकाच्या दृष्टीस पडू शकते. हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

परंतु पुढे ही पद्धती संबंधितांच्या चर्चेवर व त्यांच्यातील समायोजनावर विसंबते. भावांसमोर बसलेली बहीण ‘मला काही नको’ म्हणते, तेव्हा ते समायोजन मानायचे की दडपण? सत्तासंबंध मोजण्याचे साधन या पद्धतीकडे तोकडे आहे, ही तिच्यावरील टीका येथे पटते. ‘एथिक्स’ची अडचण वेगळी आहे. तिच्यातील सहभाग मुख्यतः प्रणाली वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा. तलाठ्याचा कामाचा बोजा व कार्यसमाधान ती विचारात घेईल. पण ज्याच्या हक्काची नोंद व्हायची, तो कर्मचारी नसतो.

समन्वयाची दिशा

ॲव्हिसन आणि वुड-हार्पर यांच्या ‘मल्टिव्ह्यू’ या १९९० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या मांडणीत मानवी कृतींचे विश्लेषण प्रथम व तांत्रिक रचना शेवटी येते. हा क्रम योग्य आहे; परंतु केवळ क्रम पुरेसा नाही. मानवी विश्लेषणातून निघालेला निष्कर्ष पुन्हा आकृतीत चौकट किंवा बाण होऊन उतरला पाहिजे. वारस नोंदीत ‘अर्जाबाहेरील स्रोतांतून वारसांची पडताळणी’ ही स्वतंत्र प्रक्रिया आणि ‘विवाहित मुलीचा सध्याचा पत्ता’ ही अनिवार्य माहिती दाखविली, तरच ती संगणकाला कळेल व तिच्यावाचून नोंद पुढे सरकणार नाही.

महाराष्ट्रातच याचे एक बोलके उदाहरण आहे. संगणकीकृत सातबारा तपासण्यासाठी २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. यंत्राने साठविलेली माहिती गावासमोर मोठ्याने वाचणे ही मानवी कृती तांत्रिक शुद्धतेचाच टप्पा बनली. अर्थात चावडीवर जी उपस्थित नाही, तिचा प्रश्न तेथेही उरतोच.

निष्कर्ष

संरचित पद्धती जे अभिलेखात आहे ते अचूक वाहून नेते. अभिलेखात जे नाही त्याविषयी ती मौन राहते. मृदू पद्धती त्या मौनाकडे बोट दाखविते. पण ते बोट आकृतीपर्यंत पोहोचले नाही तर तिचे रूपांतर उपदेशात होते. म्हणून या दोन पद्धती वेगवेगळ्या प्रकरणांत शिकविण्यापेक्षा एकाच उदाहरणावर, एकमेकींची परीक्षा घेत शिकविणे अधिक फलदायी ठरेल. त्यासाठी ग्रंथालयाच्या देवघेवीपेक्षा गावच्या चावडीवरील फेरफार हे अधिक कसोटी पाहणारे उदाहरण आहे.