कपाटाची किल्ली

पुस्तकावर बंदी घालावी की नाही हा प्रश्न निघाला, की आपल्याकडे चर्चा लगेच मोठ्या शब्दांवर जाते. धर्म, संस्कृती, विचारस्वातंत्र्य! मला त्या शब्दांची भीती वाटते. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले; गेली वीस वर्षे पुण्यातील एका पेठेतल्या शाळेत मी मुलांना मराठी शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या वाट्याला हा प्रश्न आला तो एका लोखंडी कपाटाच्या रूपाने. त्या कपाटात वर्गाची अवांतर वाचनाची पुस्तके असतात. त्याची किल्ली माझ्याकडे असते, आणि ती एकदा मी फिरवू नये तेव्हा फिरविली.

शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही पुस्तके वाटतो. एके दिवशी सातवीतल्या एका मुलाचे वडील भेटावयास आले. गृहस्थ सौम्य, दुकानदारीत मुरलेले, आवाज न चढविणारे. पिशवीतून त्यांनी हॅरी पॉटरच्या मराठी भाषांतराचा एक भाग काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "सर, दिवेलागणीला पोरगा शुभंकरोति म्हणायचा. आता गच्चीवर काठी घेऊन उभा राहतो आणि कसले तरी परके मंत्र पुटपुटतो. आमच्या घरात हे चालत नाही. शाळेनेही हे देऊ नये." मुख्याध्यापकांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि शाळा चालविणारा माणूस जे म्हणतो तेच म्हटले: "तूर्त कपाटातच राहू द्या." मी कुलूप लावले.

पंधरा दिवसांनी दुसरी तक्रार आली, ती नेमकी उलट दिशेने. एका मुलीच्या आई आल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वर पुलावर हत्या झाली. ती सकाळ जे विसरलेले नाहीत अशांपैकी ह्या बाई. त्यांचे म्हणणे असे, की जादूगाराचे पुस्तक काढले ते ठीकच. मग रेडा वेद बोलतो आणि भिंत चालते अशा गोष्टींचे पुस्तक वर्गात कशाला? मुख्याध्यापक म्हणाले, "तेही ठेवा." तेही मी ठेविले. एक पुस्तक धर्माच्या नावाने गेले, दुसरे विज्ञानाच्या नावाने. शनिवारी मुलांपुढे उरली ती सुविचारांची आणि सामान्यज्ञानाची पुस्तके. त्या तासाला वर्ग फार शांत होता. शिक्षकाला अशी शांतता ओळखता येते.

त्या दिवशी तास सुटल्यावर एक मुलगा माझ्यापाशी रेंगाळला. हळूच म्हणाला, "सर, ते मंत्र खरे आहेत, म्हणूनच कुलूप लावलंय ना?"

मी त्याला "घरी जा, उशीर झाला" एवढेच म्हणालो. पण ह्या विषयावर मला जे काही सांगावयाचे आहे ते सारे त्या एका प्रश्नात आहे. आदल्या शनिवारपर्यंत त्या मुलाला ठाऊक होते, की ही गोष्ट आहे. ती खरी असावी असा संशय त्याला पुस्तकाने दिला नाही. तो आमच्या कुलपाने दिला.

हे पुण्यातच घडते असे नाही. पहिला भाग १९९७ साली निघाला तेव्हापासून ह्या मालिकेमागे असे आक्षेप लागले आहेत. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने २००० ते २००९ ह्या दशकात ज्यांच्याविरुद्ध सर्वाधिक तक्रारी झाल्या अशा पुस्तकांची यादी केली, तिच्या शिरोभागी हीच मालिका होती. २०१९ साली नॅशव्हिल येथील एका कॅथलिक शाळेच्या धर्मगुरूंनी हे भाग ग्रंथालयातून काढले. त्यांचे कारण असे, की त्यांतील मंत्र खरेच असून ते वाचल्याने दुष्ट शक्ती जागृत होण्याचा धोका आहे. त्याच वर्षी पोलंडमधील ग्दान्स्क येथे काही धर्मगुरूंनी इतर वस्तूंबरोबर हे पुस्तकही जाळले, आणि मागाहून क्षमा मागितली. ह्या साऱ्या प्रकारात जादूवर विश्वास कोणाचा? दहा वर्षांच्या मुलाचा नव्हे. विश्वास बंदी घालणाराचा!

आपल्या मातीत तर हा आक्षेप अधिकच परका वाटतो. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य, म्हणजे शिक्षकांचे शिक्षक; संस्कृतात मुरलेले शास्त्री. त्यांनी जिन, जादूगार आणि उडते गालिचे यांनी भरलेल्या अरबी गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या, आणि पुढे त्या कामाला विष्णुशास्त्र्यांचाही हात लागला. त्या गोष्टी आपल्या आज्या-पणज्यांनी माजघरात वाचल्या. त्यांतला जिन मुसलमानी होता म्हणून कोणाची संध्या चुकली नाही, की कोणाचे सोवळे विटाळले नाही. ह्याच कृष्णशास्त्र्यांनी १८५२ साली सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिले होते. तरुणांना बिघडवितो आणि नगराचे देव मानीत नाही ह्या आरोपांवरून ज्याला विषाचा पेला घ्यावा लागला त्याचे चरित्र! अशा आरोपांचे मोल काय असते हे त्या शास्त्रीबोवांना निश्चित ठाऊक असले पाहिजे.

मराठीत अद्भुताविरुद्ध तक्रार झाली नाही असे मात्र नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवरील निबंधात तेव्हाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चांगलीच झाडाझडती घेतली. पण ती तक्रार वाङ्मयाच्या अंगणातली होती: हे असंभाव्य आहे, यात जीवन दिसत नाही. तिला उत्तर अधिक चांगली कादंबरी लिहून देता येते. कुलपाला असे उत्तर देता येत नाही.

आता त्या बाईंच्या आक्षेपाविषयी. त्यामागची तळमळ मला पहिल्या आक्षेपाहून जवळची वाटते, कारण भोंदूने लुबाडलेली माणसे मी पाहिली आहेत. पण ज्या कायद्यासाठी दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि जो त्यांच्या मृत्यूनंतर २०१३ साली झाला, त्याच्या नावातच 'जादूटोणा' हा शब्द आहे. आणि तो कायदा तरी काय करतो? अंगात दैवी शक्ती आहे असा दावा करून जो फसवितो, छळतो, पैसे उकळतो, त्याला तो पकडतो. कीर्तन, हरिकथा आणि होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांचे कथन यांना मात्र तो स्पष्टपणे वगळतो. गोष्ट सांगणारा वेगळा आणि गंडा बांधून दक्षिणा मागणारा वेगळा, हे कायद्याला कळते. मग ते शाळेला का कळू नये?

आळंदीला सहलीला गेल्यावर मुले ती भिंत पाहतात. कोणी हात जोडते, कोणी "चालली कशी?" म्हणून विचारते. दोघेही एकाच डब्यातली चटणीपोळी खातात. चांगदेवाचा गर्व भिंतीपुढे उतरला हा त्या गोष्टीचा गाभा दोघांनाही कळलेला असतो. 'आटपाट नगर होतं' एवढे म्हटले, की आपले चार वर्षांचे पोरही जाणते, की आता आपण पेठेत नाही. हा करार मुलाला शिकवावा लागत नाही. तो मोडतो मोठा माणूस.

मग पुस्तकाविषयी काहीच आक्षेप नाही काय? आहे, पण तो पुस्तक वाचल्यावर सुचतो. कुलूप लावल्यानंतर, थोडा उशिराच, मी ती मालिका वाचावयास घेतली. त्यांतल्या जादूला देव नाही, पूजा नाही, नवस नाही. ती शाळेत शिकावी लागते. तिला वेळापत्रक, गृहपाठ आणि परीक्षा आहेत. ती धर्माची सवत नसून गणितासारखा एक विषय आहे. पहिल्याच भागात एक आरसा आहे. त्यात ज्याला त्याला आपली सर्वांत खोल इच्छा दिसते. पोरका हॅरी त्यात आपले आईबाप पाहतो आणि रात्रीमागून रात्री तेथे जाऊन बसतो. तेव्हा वृद्ध मुख्याध्यापक त्याला सावध करतात, की ह्या आरशापुढे बसून माणसे झिजून गेली आहेत. स्वप्नात रमू नये हे सांगणारे पुस्तक मुलांना स्वप्नात रमविते म्हणून आम्ही काढले! आणि २००७ सालच्या सातव्या भागात त्या आईबापांच्या थडग्यावर कोरलेले वचन थेट बायबलातले आहे. धर्मविरोधी म्हणून जाळणाऱ्यांनी तेवढे तरी पाहावयाचे होते.

माझा आक्षेप वेगळा आहे. त्या शाळेत अकराव्या वर्षी मुलाच्या डोक्यावर एक टोपी ठेवतात. ती त्याचा स्वभाव ओळखून त्याला चारांपैकी एका घरात टाकते, आणि एका घरातील मुले बहुतेक दुष्टच निघतात. 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी यांनी मुलांचे काय होते हे मी वीस वर्षे पाहात आहे. ह्या टोपीची मला केरसुणीवरून उडण्यापेक्षा जास्त भीती वाटते. लेखिकेलाही ती मागाहून वाटली असावी. त्या घरातल्या एका तिरसट शिक्षकाला तिने शेवटी मोठे केले आहे. पण घराला लागलेला डाग त्याने पुरता जात नाही. शिवाय पुढचे भाग फुगत गेले आहेत, आणि मराठीत येताना मंत्रांच्या नादातला विनोद हरवला आहे. हे सारे मुलांशी बोलण्याचे विषय आहेत. पुस्तक कपाटात असेल तर बोलणार कशावर?

मी मुख्याध्यापकांकडे पुन्हा गेलो. एवढेच म्हणालो, की आपल्या मुलाने अमुक वाचू नये असे वाटणे हा बापाचा हक्क आहे. त्याने तशी चिठ्ठी द्यावी, मी ती पाळीन. पण वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या बापांच्या वतीने त्याने चिठ्ठी देऊ नये. मुख्याध्यापकांनी पुष्कळ वेळ चष्मा पुसला आणि "बघा तुम्ही" म्हणाले. दोन्ही पुस्तके परत आली. त्या गृहस्थांनी चिठ्ठी दिली, आणि मी ती पाळतो. शनिवारी त्यांचा मुलगा दुसरे काही वाचतो, आणि शेजारच्या पुस्तकाकडे पाहतो. ते मला आवडत नाही; पण त्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार मला नाही.

प्रश्न विचारणारा मुलगा मात्र वडिलांच्या बदलीमुळे दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच शाळा सोडून गेला. त्याला उत्तर द्यावयाचे राहिले, ते येथे देतो. नाही रे बाळ, ते मंत्र खोटेच आहेत. भिऊन कुलूप लावणारी माणसे मात्र खरी होती, आणि त्यांत तुझा मराठीचा शिक्षकही होता.