चांद्याचा योद्धा आणि जपानचा सामुराई : साधने, शिल्प व प्रतिमा यांची चिकित्सा

प्रस्तावना

सरंजामी काळातील जपान म्हटले की सामुराई, त्याची तलवार, त्याची स्वामिनिष्ठा आणि मृत्यूकडे पाहण्याची त्याची अलिप्त दृष्टी यांचे चित्र मनात उभे राहते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातही शतकानुशतके एक योद्धा समाज नांदला. सिरपूर, बल्लारपूर आणि अखेरीस चंद्रपूर येथे राजधानी असलेल्या गोंड राजांची सत्ता १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी संपुष्टात आणली. राजा, त्याला सैनिकी सेवा देणारे जमीनदार, किल्ले आणि राजचिन्हे हे सर्व येथेही असल्याने या दोन समाजांची तुलना मोहक वाटते. तथापि, केवळ साम्यांची यादी केल्याने फारसे काही हाती लागत नाही. योद्ध्याची प्रतिमा कोणी घडविली, केव्हा घडविली आणि कोणत्या साधनांतून घडविली, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दोन्हीकडे भिन्न असून गोंड राजवटीचे मूल्यमापन त्यावरच अवलंबून आहे.

प्रतिमेचा काळ

जपानमध्ये १६१५ च्या ओसाका वेढ्यानंतर, १६३७-३८ मधील शिमाबाराचा उठाव वगळता, दोन शतकांहून अधिक काळ मोठे युद्ध झाले नाही. सामुराईच्या मृत्युसज्जतेचा आदर्श मांडणारा ‘हागाकुरे’ हा ग्रंथ या शांततेतच, १७१६ च्या सुमारास पूर्ण झाला. इनाझो नितोबे यांचा ‘बुशिदो’ हा इंग्रजी ग्रंथ तर १९०० मधील, म्हणजे सामुराईंची तलवार बाळगण्याची मुभा १८७६ मध्ये काढून घेतल्यानंतरचा आहे. नितोबे स्वतः सामुराई कुळातील होते. योद्ध्याची आदर्श प्रतिमा युद्ध थांबल्यावर घडली. मात्र ती घडविणारे हात त्याच वर्गाचे होते.

चांद्याचे तसे नाही. गोंड राजांचा वंशक्रम आणि त्यांच्या आख्यायिका आज ज्या स्वरूपात उद्धृत होतात, त्यांचा मुख्य आधार कॅप्टन लुसी स्मिथ यांचा १८६९ चा जमीन महसूल अहवाल हा आहे. राज्य बुडून तोवर शंभरावर वर्षे लोटली होती. शिवाय अकराच वर्षांपूर्वी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी देण्यात आली होती. अहवालात गोंड राजांच्या सुव्यवस्थेची आणि बांधकामकौशल्याची मनमोकळी प्रशंसा आहे. परंतु ती महसूल अधिकाऱ्याची प्रशंसा आहे. तलाव, लागवड आणि सारा यांच्या मापाने राजवट मोजली की तिच्यातील लोककल्याण ठळक होते आणि योद्धा दिसेनासा होतो. हा अहवाल अमोल आहे, यात शंका नाही. मात्र त्याला समकालीन बखरीचे स्थान देणे ही पद्धतीची चूक ठरते. राजांच्या कारकिर्दींची त्यावरून मांडलेली वर्षे पुढील लेखनात जशीच्या तशी उतरत राहिली, हे या चुकीचेच फलित आहे.

समकालीन लिखित उल्लेख थोडे असले तरी बोलके आहेत. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबाजीकडे १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याची नोंद आहे. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत. तरीही त्यांतील प्रमाण लक्षणीय आहे. सामुराईची मूळ ओळख घोड्यावरून बाण मारणारा वीर अशी होती. चांद्याचे बळ मात्र रानवाटा जाणणाऱ्या पायदळात होते. या बळालाही मर्यादा होत्या. १६६७ मध्ये मोगल सरदार दिलेरखान चालून आला, तेव्हा चांद्याला मोठी खंडणी मान्य करावी लागली.

दगडाची साक्ष

जिथे ग्रंथ अबोल असतो तिथे शिल्प वाचावे लागते. चंद्रपूरच्या तटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर असून जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार मुख्य दरवाजे आहेत. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प आढळते. ते गोंड राजचिन्ह म्हणून ओळखले जाते आणि काही वेळा केवळ गोंडांचीच निर्मिती मानले जाते. हा दावा टिकत नाही. हत्तीवर मात करणारा सिंह वा शार्दूल दख्खनच्या मंदिरांवर आणि किल्ल्यांवर अन्यत्रही कोरलेला आहे. चांद्याचे वैशिष्ट्य कल्पनेच्या नवेपणात नसून तिच्या उपयोगात आहे. अरण्यातील बलाढ्य पशूवर मात करणारे हे चिन्ह अरण्याच्याच राजाने वेशीवर बसविले. जपानी घराण्यांची कुलचिन्हे बहुधा पानाफुलांची व भौमितिक असून ती ध्वजांवर व वस्त्रांवर योद्ध्यासोबत फिरत. चांद्याचे चिन्ह नगराच्या अंगावर स्थिर आहे. एक चिन्ह योद्ध्याचे कूळ सांगते, तर दुसरे गावात शिरणाऱ्याला सत्तेची जाणीव देते.

नगराच्या स्थापनेची आख्यायिकाही याच दिशेने वाचता येते. व्याधिग्रस्त खांडक्या बल्लाळशहाला झरपटच्या पाण्याने आराम पडतो, सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याचे अद्भुत त्याला दिसते आणि राणीच्या सल्ल्याने तेथे नगर वसते. या कथेत राजाच्या तलवारीला काम नाही. पाणी, ससा आणि राणी ही तिची खरी पात्रे आहेत. बीरशहाची भव्य समाधीही त्याच्या राणीने, हिराईने उभारली. लालपेठ येथील प्रचंड एकाश्म मूर्ती परंपरेनुसार रायप्पा कोमटी या व्यापाऱ्याच्या अपूर्ण संकल्पाच्या आहेत. येथील कलेचे आश्रयदाते केवळ योद्धे नव्हते, हे या उदाहरणांतून स्पष्ट होते.

जमीन, तलाव आणि शस्त्र

१५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम दिला. पुढे सामुराई किल्ल्याभोवतीच्या नगरात राहू लागला आणि त्याचे वेतन ‘कोकू’ या तांदळाच्या मापात ठरू लागले. शेत आणि शस्त्र यांची फारकत झाली. चांद्यातील परंपरा याच्या उलट आहे. जंगल तोडून लागवड करणाऱ्यास ती जमीन आणि तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याचे श्रेय ती हीरशहाला देते. तलावांच्या या प्रदेशात कोहळी समाजाचे बांधणीकौशल्य प्रसिद्ध आहे. म्हणजे राजाच्या कीर्तीमागे कष्टकऱ्यांची विद्या होती.

येथे जमीनदार आपल्या अरण्यातच राहिला आणि शस्त्र गावात राहिले. म्हणूनच राज्य गेल्यावर शतकानंतरही शेडमाके यांना अरण्यातील गावांतून फौज उभी करता आली. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीचा हात होता, ही कटू बाबही या व्यवस्थेचाच भाग आहे. राजा नाहीसा झाल्यावर जमीनदारांना बांधून ठेवणारी निष्ठा उरली नव्हती. जपानमध्ये १८७७ च्या उठावात पडलेल्या साइगो ताकामोरीला त्याच शासनाने १८८९ मध्ये माफी देऊन गौरविले. चांद्याच्या बंडखोराला असा गौरव परक्या राजवटीकडून मिळणे शक्य नव्हते. त्याची स्मृती लोकांनीच जपली.

समारोप

‘सरंजामशाही’ हा एकच शब्द दोन्ही समाजांना लावल्यास त्यांच्यातील मूलभूत भेद पुसला जातो. जपानी योद्ध्याने स्वतःची प्रतिमा स्वतः लिहिली. चांद्याच्या योद्ध्याची प्रतिमा इतरांनी लिहिली. त्याच्या काळाची साक्ष तट, दरवाजे, समाध्या आणि तलाव यांतच प्रामुख्याने उरली आहे. त्यामुळे येथे वास्तूंचे जतन हा इतिहासाच्या साधनांच्या जतनाचा प्रश्न ठरतो. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी चंद्रपूरच्या किल्ल्याची स्वच्छता हाती घेतली, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे. जपानमध्ये एखादा किल्ला पडला तरी ग्रंथ उरतो. चांद्याच्या तटाचा दगड ढळला तर त्यासोबत पुराव्याचे एक पानच गळून पडते.