‘प्रतिऑक्सिडीकारक’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘प्रतिऑक्सिडीकारके प्रदूषकांपासून पेशीतील डी. एन. ए.चे रक्षण करतात’ हे विधान लोकप्रिय विज्ञानलेखनात जवळजवळ सिद्धवत मानले जाते. त्यातील कर्ता व क्रियापद या दोहोंची तपासणी व्हावयास हवी.

‘प्रतिविष’ या शब्दाशी परिचित असलेला वाचक या संज्ञेतही उताराच पाहतो. शिवाय ‘-कारक’ या कर्तृवाचक पदामुळे त्या द्रव्यास कायमचा स्वभाव चिकटतो. वस्तुतः हे वर्तन परिस्थितिसापेक्ष होय. मुक्त लोहाच्या सान्निध्यात क जीवनसत्त्व, निदान परीक्षानळीत तरी, ऑक्सिडीकरणास उलट चालनाच देते.

इजाही एकाच जातीची नसते. मुक्त मूलकांमुळे ग्वानीनचे ऑक्सिडीकरण झाले, म्हणजे नवी प्रत तयार होताना ते सायटोसीनऐवजी ॲडेनीनशी जोडी जमवू शकते. (हस्तलिखितांच्या अभ्यासकास येथे लेखनिकाचा हस्तदोष आठवावा.) धुरातील बेन्झोपायरीनची गोष्ट निराळी. शरीरातीलच एंझाइमे त्याचे अशा रूपात परिवर्तन करतात की, ते ग्वानीनला थेट जडते. मूलक टिपणारे द्रव्य या जडण्यास कसे अडविणार?

संज्ञेवरील विश्वासाची किंमत मोठी ठरली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेत धूम्रपान करणारे व ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार यांना बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व एकत्र देण्यात आले. तेथे ही वाढ २८ टक्के दिसली आणि १९९६ मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या. ज्यांच्या रक्षणासाठी योजना आखली, त्यांनाच ती बाधली.

याउलट चीनमधील चीदोंग येथील प्रयोग पाहावा. त्याचा वृत्तांत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रोकोलीच्या मोडांचे पेय १२ आठवडे घेणाऱ्यांच्या मूत्रातून, ग्लुटाथायोनशी बांधल्या गेलेल्या बेन्झीनचे उत्सर्जन तुलनागटापेक्षा ६१ टक्क्यांनी वाढले. या पेयातील सल्फोराफेन मूलक टिपीत बसत नाही. ते पेशीच्या स्वतःच्या निर्विषीकरण-एंझाइमांची निर्मिती वाढविते. तरीही त्यास ‘अप्रत्यक्ष प्रतिऑक्सिडीकारक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मराठीत ‘करणे’ आणि ‘करविणे’ यांतील भेद शाळकरी मुलासही कळतो. येथे रक्षण करणारी पेशी असून द्रव्य केवळ प्रयोजक आहे. एकच नाम दोहोंस लावल्याने हा भेद पुसला जातो, आणि बाजारातील गोळी चीदोंगच्या पुराव्यावर हक्क सांगू लागते. तो पुरावा तरी उत्सर्जनाचाच आहे. कर्करोग घटला की नाही, हे १२ आठवड्यांत दिसण्याजोगे नव्हते.