कारागिरांची आत्मवृत्ते

मराठीत आत्मचरित्रांचे दारिद्र्य आहे, अशी तक्रार आता कोणास करता यावयाची नाही. बाबा पदमनजींचा 'अरुणोदय' एकोणिसाव्या शतकातच निघाला, रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली, धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी तर हा वाङ्मयप्रकार घरोघर नेऊन पोहोचविला. पुढे संपादक, वकील, देशभक्त, नट अशा अनेकांनी ही पंगत वाढविली. परंतु या पंगतीकडे एकवार नीट दृष्टी टाकली म्हणजे असे दिसते की, ज्याच्या हातात लेखणीखेरीज दुसरे एखादे हत्यार आयुष्यभर होते, असा मनुष्य तीत क्वचितच बसलेला आहे. आणि ज्याने एक सोडून तीनचार कसबे आत्मसात केली, त्याच्या आठवणी तर विरळाच.

हातकामाचा मराठी वाङ्मयाला विटाळ होता, असे मात्र कोणी समजू नये. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी हे आपापल्या धंद्यानेच आम्हांस ओळखीचे आहेत, आणि त्या धंद्यांची अवजारे अभंगवाणीत मानाने आलेली आहेत. तथापि तेथे ती दृष्टांत म्हणून आली. सोनाराची हत्यारे परमार्थ समजावून देतात आणि समजावून झाले की बाजूस होतात. दागिना घडताना सोने कोठे अडले, हे सांगण्याचे प्रयोजनच त्या ठिकाणी नव्हते. म्हणजे धंदा आमच्या वाङ्मयात उपमान होऊन पुष्कळ राहिला, उपमेय फारसा झाला नाही.

याचे एक कारण आमच्या पांढरपेशा मनोवृत्तीत आहे. मुलाने एक उद्योग सोडून दुसरा धरला आणि दुसरा सोडून तिसरा, की वडीलमंडळी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण त्यास ऐकवितात. पण याच भाषेत 'बारा गावचे पाणी प्यालेला' असाही एक वाक्प्रचार आहे, आणि त्यात निंदेइतकाच आदरही आहे. फिरत्या हाताविषयी आमच्या भाषेने असे दोन निकाल देऊन ठेवले आहेत. यांपैकी खरा कोणता, हाच अशा आठवणी वाचताना मुख्य प्रश्न असतो. आणि मनुष्य धंदा बदलतो तेव्हा पहिल्या धंद्यातले काय त्याच्याबरोबर पुढे जाते, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर मिळत नाही.

प्रथम अशा लेखनाची कसोटी ठरविली पाहिजे. वकिलाने आपल्या हरलेल्या खटल्याची हकीकत लिहिली, तर न्यायाधीशाचे अज्ञान किंवा साक्षीदाराचे लबाड वर्तन पुढे करून तो वाचकास आपल्या बाजूस ओढू शकतो. सुताराला ती सोय नाही. दार लागत नसेल तर ते लागत नाही. त्याविषयी वाद संभवत नाही. लाकूड, धातू, काच, रसायन ही आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात आणि कारागिराचे म्हणणे मुळीच ऐकून घेत नाहीत. म्हणून ज्या आठवणींत पदार्थाने कोठे हट्ट धरला आणि हाताने त्यास कसे वळविले हे येते, त्या खऱ्या. आणि ज्यांत केवळ कष्ट, सचोटी व अखेरचे यश एवढेच येते, त्या कोणत्याही धंद्याच्या असू शकतात, कारण त्या वस्तुतः कोणत्याच धंद्याच्या नसतात.

या दृष्टीने पाहता आग्रिकोल पेर्दिग्ये या फ्रेंच सुताराच्या आठवणी प्रथम विचारात घ्याव्या लागतात. याचा जन्म १८०५ साली आव्हिन्योंजवळच्या मोरिएर या खेड्यात, सुताराच्याच घरी झाला. त्या काळी फ्रान्समध्ये फिरत्या कारागिरांचे जुने संघ होते. काम शिकलेल्या तरुणाने गावोगाव जाऊन निरनिराळ्या कारखान्यांत राबावे आणि देशाचा फेरा पुरा करून यावे, अशी त्यांची रीत होती. पेर्दिग्येने हा फेरा १८२४ ते १८२८ या वर्षांत केला. मार्सेय, बोर्दो, नांत, लियों अशी मोठी शहरे त्या वाटेवर होती. प्रत्येक ठिकाणी संघाचे एक उतरण्याचे घर असे व त्या घराच्या चालकिणीस सर्व कारागीर 'आई' म्हणत. नवा मनुष्य आला की त्यास निजावयास जागा मिळे आणि दुसऱ्या दिवशी कामही.

येथे फिरणे हीच शाळा होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गाव बदलले की लाकूड बदलते, मालक बदलतो, जिना बांधण्याची तऱ्हा बदलते. एकाच उस्तादाच्या हाताखाली ज्याचा जन्म गेला, त्यास आपल्या रीतीहून निराळी रीत आहे हेच कळत नाही. शिवाय पेर्दिग्ये रात्री भूमिती व रेखाटन शिकला आणि पुढे पॅरिसमध्ये इतर कामगारांस शिकवू लागला. या संघांची दुसरी बाजूही त्याने लपविलेली नाही. परस्परविरोधी संघांचे कारागीर रस्त्यात भेटले म्हणजे काठ्या चालत, डोकी फुटत. आणि ही भाऊबंदकी मिटविण्यासाठीच त्याने १८३९ साली संघांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिले. १८४८ च्या क्रांतीनंतर हा सुतार लोकसभेत निवडून गेला. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर हद्दपार झाला. आणि त्या हद्दपारीत लिहिलेल्या आठवणी १८५४-५५ साली छापल्या गेल्या. राजकारणात एवढे चढउतार पाहिलेल्या मनुष्याने आपल्या पुस्तकाचा मुख्य भाग त्या चार वर्षांच्या पायी फेऱ्यास द्यावा, यात त्याची मूल्यदृष्टी दिसून येते.

पेर्दिग्येचा धंदा एकच होता. गावे तेवढी बदलली. धंदेच बदलणाऱ्या हाताचे उदाहरण पाहावयास मात्र परदेशी जाण्याचे कारण नाही. १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'भारतीय चित्रपट' या मथळ्याखाली जी लेखमाला लिहिली, ती आज चित्रपटाच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचली जाते. आमच्या मते ती कारागिराचे आत्मवृत्त म्हणूनही वाचली पाहिजे. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, नाटकांचे पडदे, जादूचे प्रयोग, लोणावळ्याचा ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना, त्यासाठी १९०९ साली केलेला जर्मनीचा प्रवास, आणि अखेर भागीदारांशी न पटल्यामुळे त्या कारखान्याचाही त्याग! चाळिशीपर्यंतचा हा आलेख आमच्या वडीलमंडळींपुढे ठेवला असता त्यांनी चिंध्यांची म्हण खात्रीने उच्चारली असती.

परंतु ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, आणि या तथाकथित चिंध्यांपैकी एकही वाया गेलेली नव्हती असे दिसून आले. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाचा ठसा निराळा असतो, आणि एकावर दुसरा केसभर सरकला तरी चित्र बिघडते. चित्रपटाच्या पट्टीवर हीच अडचण निराळ्या रूपाने येते: कडेच्या छिद्रांतील अंतर जरा चुकले, एक चित्र आधीच्या चित्राच्या जागी नेमके बसले नाही, की पडद्यावर सारा देखावा थरथरू लागतो. ज्याच्या हाताने वर्षानुवर्षे रंग जुळविले, त्यास ही अचूकता नव्याने शिकावी लागत नाही. जादूगाराची सारी हिकमत प्रेक्षकाची नजर चुकवून वस्तू पालटण्यात असते. कॅमेरा थांबवून, पात्र हलवून, पुन्हा चालू केला की देव प्रकट होतो किंवा गुप्त होतो. 'लंकादहन' (१९१७) व 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) यांतील चमत्कारांनी प्रेक्षक थक्क झाले, त्यामागे हाच जुना हात होता. कुंडीत वाटाणा पेरून, दिवसांमागून दिवस ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन, अंकुराची वाढ क्षणभरात पडद्यावर दाखविण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्धच आहे. त्यात छायाचित्रकाराचे प्रकाशाचे ज्ञान आणि छापखान्यातला धीर ही दोन्ही एकत्र आलेली दिसतात.

या लेखमालेत दोष नाहीत असे नव्हे. स्वदेशी धंद्याचा पुरस्कार करण्याच्या भरात लेखकाचा स्वर वारंवार व्याख्यानाचा होतो, आणि पदार्थाशी झालेली झटापट ऐकण्यास उत्सुक झालेल्या वाचकास आवेशावरच समाधान मानावे लागते. दुसरा प्रश्न याहून खोल आहे, व तो या सर्वच वाङ्मयास लागू आहे. आत्मवृत्त एकवचनी असते. कारखाना बहुवचनी असतो. फिल्मच्या कोऱ्या पट्टीला रात्री अंधारात छिद्रे पाडण्याचे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, हे आज सर्वश्रुत आहे. त्या अंधारात बोटांना काय कळत होते, हे सांगणारे सरस्वतीबाईंचे आत्मवृत्त मात्र आम्हांपाशी नाही. कारागिराच्या प्रत्येक 'मी'मागे असे दुसऱ्या कोणाचे तरी हात असतात, आणि चिकित्सक वाचकाने ते शोधले पाहिजेत.

तिसरी अडचण लिहिण्याच्या वेळेची. राबता हात लिहीत नाही, आणि लिहिता हात बहुधा राबणे सोडून आलेला असतो. इंग्लंडमधील स्विंडन येथील रेल्वे कारखान्यात अल्फ्रेड विल्यम्स याने १८९२ पासून १९१४ पर्यंत काम केले, त्यातली पुष्कळ वर्षे वाफेच्या घणावर. त्या भट्टीशेजारी तो खडूने ग्रीक अक्षरे गिरवून ती भाषा शिकत असे. त्या कारखान्यातील जीवनावरचे त्याचे पुस्तक १९१५ साली, म्हणजे प्रकृती ढासळून तो बाहेर पडल्यानंतर, प्रसिद्ध झाले. पुढे महायुद्धात सैनिक म्हणून तो हिंदुस्थानात आला, आणि उत्तरवयात संस्कृत शिकून पंचतंत्रातील कथा त्याने इंग्रजीत आणल्या. विल्यम्सचे पुस्तक कडवट आहे. तापलेले लोखंड कसे वागते हे त्यास पुरते ठाऊक आहे; पण ते ज्ञान घड्याळाच्या काट्यास आणि नगावारी मजुरीस जुंपले गेल्यावर त्याचे काय होते, हेही तो सांगतो. त्याच्या मनास जाण्यास धंद्यात वाट उरली नाही, म्हणून ते भाषांकडे वळले.

येथवर आम्ही फिरत्या हाताची बाजू मांडली. परंतु मराठीतच एक पुस्तक असे आहे की, जे वाचल्यावर ही बाजू एवढ्या सहजतेने मांडता येत नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले व पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातील कैकाडी कुटुंबही गावोगाव फिरते. गाढवांवर बिऱ्हाड लादावे, फोक तोडून आणावेत, टोपल्या विणाव्यात आणि दारोदार विकाव्यात. फोक सोलण्यात व वळविण्यात जे कसब आहे, ते पेर्दिग्येच्या जिन्याहून हीन मानण्याचे काही कारण नाही. पण त्या फ्रेंच सुताराच्या वाटेवर प्रत्येक गावी एक 'आई' होती. या कुटुंबाला गावाबाहेर पाल ठोकण्यासाठीही परवानगी मागावी लागते. तेथे चालणे ही शाळा होते, येथे ती शिक्षा झाली आहे. आणि हा धंदा कोणी निवडलेला नाही. तो जन्माबरोबर गळ्यात पडला आहे. तेव्हा लेखकाने त्यापासून दूर जाण्याची धडपड करावी, यात हाताचा अनादर नसून माणुसकीची मागणी आहे.

उलट बाजूने हीच गोष्ट मुंबईच्या गिरणगावात घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांपैकी हजारोंना पुन्हा कधीही साच्यावर उभे राहता आले नाही. आवाजावरून साच्याचे दुखणे ओळखणारे कान पहाऱ्याच्या कामास लागले, धागा सांधणारी बोटे भाजीच्या जुड्या बांधू लागली. आयुष्यात विविध कामे यांनीही केली. पण पहिल्या कामातले काहीही दुसऱ्यास उपयोगी पडले नाही. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील सुमारे १०० व्यक्तींच्या तोंडचे वृत्तांत मिळवून २००४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. लिहिण्यास सवड वा सवय नसलेल्यांची आत्मवृत्तेही मिळविता येतात, हे त्यावरून सिद्ध झाले.

तेव्हा भाषेच्या त्या दोन निकालांविषयी आमचा अभिप्राय असा. फाळक्यांपाशी शिकलेले पुढच्या कामात ओतण्यास जागा होती, पेर्दिग्येपाशी त्याच्या कसबाचा मान राखणारा संघ होता. म्हणून त्यांचे फिरणे म्हणजे बारा गावचे पाणी पिणे झाले. जेथे भूक, जात किंवा बंद झालेला कारखाना मनुष्यास ढकलीत नेतो, तेथे चिंध्या होतात खऱ्या. पण त्या त्याने केलेल्या नसतात, आणि ती म्हण त्यास ऐकविण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

आमच्या वाचकांच्या आप्तेष्टांत, शेजारात किंवा चाळीत खिळे जुळविणारा एखादा वृद्ध, लेथवर आयुष्य घालविलेला एखादा निवृत्त गृहस्थ, किंवा लुगडी विणलेली एखादी आजी बहुधा असेल. त्यांच्या आठवणी कोणी तरी उतरून घेतल्या पाहिजेत. मात्र उतरून घेणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. हत्यारांची आणि क्रियांची जी नावे सांगणारा घेईल, ती तशीच ठेवावीत, त्यांस संस्कृत पोशाख चढवू नये. आणि कष्टांची कहाणी ऐकून झाल्यावर, काम अडत असे ते कोठे, हे आवर्जून विचारावे. पुष्कळदा त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो.