बसणाऱ्याचं वजन कुठे जातं?

खुर्चीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लोक तिच्या पाठीपासून सुरुवात करतात. पाठ किती उंच, हात आहेत की नाहीत, नक्षी कोणत्या वळणाची, यावरून काळ ठरतो आणि मालकाची ऐपतही ठरते. घडीच्या किंवा खास कामासाठी केलेल्या बैठकांची गोष्ट आली की मात्र एकच कसोटी लावतात: मिटल्यावर केवढी होते? जेवढी लहान तेवढं डोकं जास्त चाललं, असा हिशोब. मला ही कसोटी अपुरी वाटते. माझी उमेदीची वर्षं यंत्रं बसवण्यात गेली, त्यामुळे कुठलीही बैठक पाहिली की मी आधी विचारतो, बसणाऱ्याचं वजन कुठल्या वाटेनं जमिनीत जातं, आणि जाता जाता काही काम करतं का?

या टिपणात याच प्रश्नावर काही बैठका तपासायच्या आहेत. त्यांतली एक जगभर नावाजलेली, रुरकीची. दुसरी आपल्या बेळगाव-गोवा पट्ट्यात घरोघरी असलेली, पण जिला कोणी बैठक म्हणतच नाही.

आधी घडीच्या कौतुकाबद्दल थोडं. कैचीसारख्या पायांचं, मिटणारं तिवई एवढं आसन फार जुनं आहे. प्राचीन इजिप्तमध्ये ते होतं, रोममध्ये मोठ्या अधिकाऱ्यांची अशीच खुर्ची असे. तुतनखामूनच्या थडग्यात सापडलेल्या वस्तूंत अशा घाटाचं एक आसन आहे. शिसवीचं, हस्तिदंताचं जडावकाम, पायांना बदकांची डोकी, आणि बसायच्या जागेवर जनावराचं कातडं अंथरल्याचा भास. पण ते मिटत नाही! कातडंही खरं नाही आणि घडीही खरी नाही. म्हणजे तेव्हाच घडीच्या बैठकीला मान मिळाला होता, इतका की घडी निघून गेली तरी घाट टिकला. कारण उघड आहे. ज्याच्या मागे आसन वाहून नेणारा माणूस चालतो तो मोठा. बैठक हलकी असणं ही वाहणाऱ्याची सोय, आणि ती सोबत असणं ही बसणाऱ्याची प्रतिष्ठा. हा फरक पुढेही ध्यानात ठेवायला हवा.

आता रुरकीकडे. रुरकीला १८४७ साली इंजिनियरिंग कॉलेज निघालं, पुढे ते थॉमसन कॉलेज म्हणून ओळखलं गेलं. तिथंच बंगाल सॅपर्स या लष्करी इंजिनियरांचा तळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छावणीत वापरायची जी खुर्ची प्रसिद्ध झाली तिला या गावाचं नाव चिकटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) ती अधिकाऱ्यांच्या तंबूंत पोचली.

तिचे भाग मोजून बघा. चार कातीव पाय, त्यांना जोडणारे चार दांडे, बसायला ताणलेलं कॅनव्हास, आणि पाठीला दोन पट्ट्यांवर चढवलेलं कापड, जे बोल्टांवर पुढेमागे झुलतं. सांगाड्याला खिळा नाही, स्क्रू नाही, सरस नाही. दांड्याची टोकं निमुळती केलेली आणि पायांतली भोकंही तशीच निमुळती. हातानं दाबून बसवायचं, सोडायचं झालं की पिळून काढायचं.

खरी गंमत बसल्यावर सुरू होते. कॅनव्हास डाव्या-उजव्या दांड्यांवर ताणलेलं असतं. माणूस बसला की ते खाली दबतं आणि दोन्ही दांड्यांना आत खेचतं. दांड्यांबरोबर पाय आत ओढले जातात. त्यामुळे पुढचा आणि मागचा आडवा दांडा दोन्हीकडून दाबला जातो आणि त्यांची निमुळती टोकं भोकांत आणखी घट्ट बसतात. वजन जास्त, तेवढा सांधा पक्का. शिवाय हे सांधे थोडे फिरू शकतात, म्हणून जमीन उंचसखल असली तरी चारही पाय आपापली जागा शोधतात. आपल्या चार पायांच्या साध्या टेबलाखाली आपण कागदाची घडी सारतो, ती इथे लागत नाही.

ही पहिल्या दर्जाची रचना आहे, यात वाद नाही. बसणाऱ्याचं वजन इथे ओझं न राहता सुताराचं काम करतं. पण मर्यादाही सांगायला हव्यात. ही खुर्ची माणसाला मागे रेलायला लावते. बूड खोल जातं, गुडघे वर येतात. तिच्यात बसून वाचता येईल, चहा पिता येईल, हुकूम देता येतील. पुढे वाकून हातानं करायचं कुठलंही काम तिच्यात धड होत नाही. दिवसाचं काम आटोपलेल्या, किंवा ज्याचं काम दुसरे करतात अशा माणसाची ती खुर्ची आहे. आणि छावणी हलताना तिचं गाठोडं उचलायला हमाल किंवा जनावर होतंच.

पुढच्या नामवंतांनी तिच्यातून काय घेतलं, हेही या कसोटीवर तपासण्यासारखं आहे. डेन्मार्कच्या कारे क्लिंटची १९३३ सालची सफारी खुर्ची तिचीच थेट वारस. त्यानं घाट नेटका केला, पण सुटणारा सांधा आणि वजनानं आवळणं दोन्ही जपलं. ल कॉर्बुझिए, जानरे आणि शार्लोत पेरियां यांची १९२८ची झुलत्या पाठीची खुर्ची पाहिली तर नातं लगेच दिसतं. तीच पाठ, तसेच पट्ट्यांचे हात. सांगाडा मात्र स्टीलच्या नळ्यांचा, वेल्डिंग केलेला. म्हणजे दिसणं घेतलं आणि सांधा सोडून दिला. दिवाणखान्यात ती शोभते. पण रुरकीच्या खुर्चीत जो शोध होता तो तिच्यात नाही. तुतनखामूनच्या न मिटणाऱ्या आसनाची ही मला थोरली नात वाटते.

आता दुसरं टोक पाहू. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात दूध काढणारे गवळी एका पायाचं आसन वापरतात. ते पट्ट्यानं कमरेला बांधलेलं असतं. माणूस उठला की आसनही त्याच्याबरोबर उठतं, दुसऱ्या गायीकडे जातं, आणि दोन्ही हात बादलीसाठी मोकळे राहतात. एका पायावर आसन उभं कसं राहतं? नाहीच राहत. ठेवलं तर पडेल. गवळ्याचे स्वतःचे दोन पाय आणि लाकडाचा एक, अशी तिवई होते. तीन पाय कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाहीत, हे आपण जाणतोच. म्हणजे बसणारा हा त्या रचनेचाच भाग आहे. तो नसेल तर आसन अर्धवट आहे. वाहून न्यायला इथे वेगळा माणूस लागत नाही, हेही लक्षात घ्या.

ही कल्पना डोक्यात ठेवून आपल्या स्वयंपाकघरात या.

विळी. मोरळी म्हणा, पावशी म्हणा. गोव्याकडची आदोळी, सिंधुदुर्गातला आडाळो. आपल्याकडे एकाच गल्लीत यांतले दोन-तीन शब्द ऐकू येतात, आणि शेजारच्या कानडी घरात तिचं नाव ईळगे मणे. मणे म्हणजे पाट, बसायची फळी. तेलुगूत कत्तिपीट, म्हणजे सुरी असलेलं पीठ. तमिळमध्येही नावाच्या शेवटी तोच मणै. मराठीनं नाव ठेवताना पात्याकडे पाहिलं, या तीन भाषांनी फळीकडेही पाहिलं. माझ्या मते त्यांचं निरीक्षण जास्त नेमकं आहे. ही सुरी नाही. हे पातं लावलेलं आसन आहे.

काम कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण इंजिनियरच्या नजरेनं एकदा बघू. सुरीनं चिरताना एक हात भाजी धरतो आणि दुसरा सुरी चालवतो. विळीत पातं स्थिर असतं, त्यामुळे दोन्ही हात भाजीला मिळतात. फणस असो, सुरण असो, मोठा मासा असो, दोन हातांनी धरून खांद्याच्या जोरानं रेटता येतो. पात्याच्या टोकाच्या खवणीवर नारळाची वाटी दोन्ही हातांनी फिरवता येते. मात्र पातं स्थिर राहायचं तर पाट हलता कामा नये. तो कोण धरतो? बसणारीचं वजन. मोठ्या आदोळीवर सरळ बसायचं, लहान विळीच्या पाटावर पाय दाबून ठेवायचा.

आकडे घालून बघा. समजा खवताना पुढे १० किलोचा रेटा पडला आणि खवणी जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच आहे. आदोळी पुढे कलंडवू पाहणारा मोमेंट झाला २०० किलो-सेंटिमीटर. नुसत्या आदोळीचं वजन ३ किलो आणि तिचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून २५ सेंटिमीटर मागे धरला, तर विरोध फक्त ७५चा. ती पालथी होणार. आता ५० किलोची बाई बसली, निम्मं वजन तिच्या पायांवर गेलं आणि निम्मं पाटावर, पुढच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर पडलं, तर विरोध ७५०चा होतो. गरजेच्या जवळजवळ चौपट. कारखान्यात हेच काम करायला आम्ही बेंचला वाइस बोल्टानं जखडतो.

हे नुसतं कागदावरचं नाही, याचा पुरावा बाजारात मिळतो. स्वयंपाक ओट्यावर आला तेव्हा नारळाची खवणीही वर आली. वर आल्यावर तिला काय लागलं? ओट्याच्या कडेला आवळायचा स्क्रूचा क्लॅम्प, नाहीतर खाली चिकटणारी रबरी वाटी. बसणारी बाजूला झाली आणि तिच्या जागी क्लॅम्प आला. एखाद्या यंत्रातून भाग काढला की त्याच्या जागी काय बसवावं लागतं, यावरून तो भाग काय करत होता हे कळतं.

विळीचे दोषही लपवायचं कारण नाही. उघडं पातं ही धोक्याचीच गोष्ट. काम झालं की विळी आडवी करून ठेव, हा नियम घराघरात होता. पण तो माणसाच्या शिस्तीवर अवलंबून होता, रचनेत त्याची सोय नव्हती. पातं पाटात मिटणारी घडीची विळी आली तेव्हा ती सोय झाली आणि ही सुधारणा खरी आहे, जरी तिच्यात बसायची फळी आक्रसून पाय ठेवण्यापुरती उरली. दुसरा दोष गुडघ्यांचा. रोज कित्येक वेळा जमिनीवर बसणं-उठणं साठीनंतर जड जातं, गरोदरपणात जातं. ओटा आल्यानं बायकांच्या शरीराला जो आराम मिळाला तो जुन्या वस्तूच्या प्रेमापोटी नाकारणं बरं नव्हे. विळीचं कौतुक करणारे बरेच पुरुष तिच्यावर कधी बसलेले नसतात.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती आपल्या क्षेत्राबद्दलच आहे. फर्निचरच्या इतिहासात रुरकीची खुर्ची असते, विळी नसते. संग्रहालयांत खुर्ची एका दालनात आणि विळी भांड्याकुंड्यांत. पुण्याच्या केळकर संग्रहालयानं अडकित्ते, दिवे अशा रोजच्या वस्तू जपल्या, बाणावलीच्या गोवा चित्रमध्ये जुनी अवजारं एकत्र पाहायला मिळतात. या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. पण वस्तू जपणं पुरेसं नाही, ती कुठल्या सदरात नोंदवली यावर पुढचा अभ्यासक तिला कुठले प्रश्न विचारणार हे ठरतं. "स्वयंपाकाचं अवजार" असं लिहिलं की पात्याची लांबी आणि मोराचा आकार नोंदवला जातो. फळीची उंची, रुंदी, झीज यांची नोंद होत नाही. परिणामी, रेलून बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या आसनाचा मिलिमीटरपर्यंतचा तपशील उपलब्ध आहे, आणि बसून राबणाऱ्या लाखो बायकांच्या आसनाचा नाही.

वेळही फारसा नाही. घर पाडताना पातं भंगारात जातं, फळी बंबात. काही विळ्या शोभेसाठी भिंतीवर लागतात, म्हणजे ज्या वजनासाठी त्या केल्या त्यापासून कायमच्या लांब.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक काम सुचवतो. आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी लाकडी विळी, आदोळी असेल तर तिची नोंद बैठक म्हणून करा. फळीची लांबी, रुंदी, जमिनीपासूनची उंची. फळीच्या पुढच्या कडेपासून पात्याच्या बुडापर्यंतचं अंतर. खवणीची उंची. लाकूड कुठलं, पातं किती वेळा बदललं. फोटो बाजूनं काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फळीवर झीज कुठे आहे ती बोटानं चाचपून बघा. एकाच बाजूला खोलगट असेल तर त्या बाजूला पाय दाबला जात होता. दोन ठिकाणी खोलगट असेल तर बहुधा दोन वेगवेगळ्या बांध्याच्या बायका तिच्यावर बसल्या, सासू आणि सून असतील. आणि घरात कोणी वयस्क बाई असतील तर त्यांना विचारा, त्या कशा बसायच्या. जमत असेल, आणि त्यांची तयारी असेल, तरच बसून दाखवायला सांगा. पात्याला आधी कापड गुंडाळा.