स्मारक आणि पंगत : हार्वर्डच्या मेमोरियल हॉलची वास्तुसमीक्षा

प्रस्तावना

विद्यापीठीय वास्तूंचा अभ्यास करताना समीक्षकाचे लक्ष प्रथम ग्रंथालय, दीक्षान्त सभागृह आणि प्रार्थनामंदिर यांकडे जाते. भोजनगृह ही व्यवस्थापनाची बाब समजली जाते आणि तिचा विचार बहुधा दरमहाच्या खर्चापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः कोणत्याही शिक्षणसंस्थेचे सामाजिक स्वरूप तिच्या घोषवाक्यापेक्षा तिच्या भोजनगृहात अधिक स्पष्टपणे दिसते. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोण वेगळा बसतो आणि कोणाला आतच येता येत नाही, या प्रश्नांची उत्तरे तेथे रोज दोन-तीन वेळा दिली जात असतात. मराठी भाषेने ‘पंगत’ या शब्दाबरोबरच ‘पंक्तिभेद’ हा शब्दही घडविला आहे. एकत्र बसण्याच्या कृतीतच भेद पाळण्याची सोय असते, हे आपल्या समाजाला अनुभवाने ठाऊक आहे.

या दृष्टीने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मेमोरियल हॉल या वास्तूचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हुतात्म्यांचे स्मारक आणि विद्यार्थ्यांचे भोजनगृह या दोन्ही भूमिका एकाच छपराखाली आणणारी ही वास्तू आहे. या दोन भूमिकांचे नाते कसे जुळले, कसे तुटले आणि कितपत पुन्हा जुळले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

हार्वर्डमधील सामुदायिक भोजनाचा इतिहास तक्रारींनी भरलेला आहे. १७६६ मध्ये खवट लोण्याच्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी उघड बंड केले. पुढे चार्ल्स बुलफिंच या वास्तुरचनाकाराने युनिव्हर्सिटी हॉल ही पांढऱ्या ग्रॅनाइटची इमारत उभारली. ती १८१५ मध्ये पूर्ण झाली. तिच्या तळमजल्यावर चार वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चार स्वतंत्र भोजनकक्ष होते. वर्गवार विभागणीमुळे शिस्त राहील, अशी अपेक्षा असावी. परंतु १८१८ मध्ये याच कक्षांत अन्नफेकीवरून मोठा दंगा झाला आणि अनेकांवर कारवाई झाली. भिंती घालून शिस्त निर्माण होत नाही, हा या प्रसंगाचा पहिला धडा होय. शतकाच्या मध्यापर्यंत ही भोजनव्यवस्था बंद पडली आणि विद्यार्थी खासगी खाणावळींवर अवलंबून राहू लागले. सर्वांना सामावून घेणाऱ्या भोजनगृहाची उणीव अशा रीतीने निर्माण झाली होती.

स्मारकाची संकल्पना

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात हार्वर्डचे अनेक विद्यार्थी व माजी विद्यार्थी संघराज्याच्या बाजूने लढताना मरण पावले. युद्ध संपताच, १८६५ मध्येच, माजी विद्यार्थ्यांनी स्मारकासाठी समिती नेमली. चार्ल्स एलियट नॉर्टन हे कलासमीक्षक तिच्याशी निगडित होते. केवळ स्तंभ उभारावा की उपयोगाची वास्तू बांधावी, यावर चर्चा झाली आणि दुसरा पर्याय स्वीकारला गेला. विल्यम रॉबर्ट वेअर आणि हेन्री व्हॅन ब्रंट या वास्तुरचनाकारांकडे काम सोपविण्यात आले. हे दोघेही हार्वर्डचेच पदवीधर. ६ ऑक्टोबर १८७० रोजी कोनशिला बसविली गेली, जून १८७४ मध्ये स्मारकाचे समर्पण झाले आणि पुढील तीन वर्षांत नाट्यगृह व मनोरा यांचे काम पुरे झाले. भोजनगृहाची मूळ कल्पना माजी विद्यार्थ्यांच्या मेजवान्यांसाठी होती. परंतु वास्तू वापरात येताच ते विद्यार्थ्यांचे रोजचे भोजनगृह बनले. समीक्षेच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. वर्षातून एकदा जेथे गौरवाची भाषणे व्हायची, तेथे आता रोजची भूक येऊ लागली.

वास्तुरचना

मेमोरियल हॉलचा आराखडा ख्रिस्ती क्रुसाच्या आकाराचा आहे. मोठ्या चर्चमध्ये भाविक जेथे बसतात, त्या लांब पश्चिम भागात येथे भोजनगृह आहे. पूर्वेकडे, जेथे वेदी असते, तेथे सुमारे एक हजार आसनांचे सँडर्स नाट्यगृह आहे. ऑक्सफर्ड येथील ख्रिस्तोफर रेन यांच्या शेल्डोनियन नाट्यगृहाचा प्रभाव त्यावर दिसतो. या दोहोंना छेदणारे आडवे दालन हे प्रत्यक्ष स्मारक होय. अक्रोडाच्या लाकडी आवरणावर पांढऱ्या संगमरवराच्या २८ पाट्या बसविलेल्या असून त्यांवर १३६ मृतांची नावे कोरलेली आहेत. वर लाकडी कमानदार छत आणि दोन्ही टोकांना रंगीत काचांच्या भव्य खिडक्या आहेत. या दालनावरच मनोरा उभा आहे.

बाहेरून वास्तू लाल विटांची आहे. काळ्या विटांचे पट्टे, फिकट वालुकाश्माची किनार आणि रंगीत पाटीदगडाचे नक्षीदार छप्पर ही जॉन रस्किन यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या व्हिक्टोरियन गॉथिक शैलीची लक्षणे आहेत. भोजनगृहाची लांबी सुमारे १६४ फूट आणि रुंदी सुमारे ६० फूट आहे. त्याचे छत हॅमरबीम पद्धतीच्या लाकडी कैच्यांवर तोललेले आहे. या पद्धतीत भिंतींतून आत आलेल्या आखूड तुळयांवर पुढील कमानी आधारलेल्या असतात. त्यामुळे मध्ये एकही खांब न ठेवता रुंद जागा झाकता येते. ऑक्सफर्ड-केम्ब्रिजच्या जुन्या भोजनगृहांतून ही रचना घेतलेली आहे.

मात्र अनुकरण येथेच थांबते. इंग्लंडमधील कॉलेजांच्या भोजनगृहात एका टोकाला अध्यापकांचे ‘हाय टेबल’ असते आणि सर्व रचना त्या उच्चासनाकडे तोंड करून असते. मेमोरियल हॉलमधील रोजचे भोजन अशा उच्चासनाभोवती रचलेले नव्हते. ते विद्यार्थ्यांच्या भोजनमंडळाकडे होते आणि प्रत्यक्ष खर्च सभासदांत वाटला जाई. खांबांचा अडथळा नसलेली ती विस्तीर्ण जागा त्यामुळे खऱ्या अर्थाने एकाच पंगतीची जागा ठरली. तिच्या पूर्वेला लागूनच स्मारकाचे दालन असल्याने रोजचे जेवण आणि मृतांची आठवण यांत केवळ एका भिंतीचे अंतर होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या वास्तूचे खरे मोल तिच्या अलंकरणात नसून या सान्निध्यात आहे.

नावे आणि वगळलेली नावे

हेन्री जेम्स यांच्या ‘द बोस्टोनियन्स’ (१८८६) या कादंबरीत या वास्तूला एक लक्षणीय प्रसंग लाभला आहे. दक्षिणेच्या बाजूने लढलेला मिसिसिपीचा बॅसिल रॅन्सम स्मारकाच्या दालनात येतो आणि आपल्या शत्रूंची नावे वाचताना वैर विसरतो. जेम्स यांनी या दालनाकडे तारुण्य, शौर्य आणि त्याग यांचे पक्षातीत मंदिर म्हणून पाहिले. कलात्मकदृष्ट्या प्रसंग प्रभावी आहे. परंतु वास्तूचे वाचन म्हणून तो अपुरा आहे, असे म्हणावे लागते. हार्वर्डचे साठहून अधिक माजी विद्यार्थी दक्षिणेच्या बाजूने लढताना मरण पावले होते आणि त्यांपैकी एकाचेही नाव या पाट्यांवर नाही. ही विस्मृती नव्हे, हा निर्णय आहे. स्मारक शौर्याचे नसून कारणाचे आहे, असे ही वास्तू सांगते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे नेतृत्व करीत १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नर येथे मरण पावलेल्या रॉबर्ट गूल्ड शॉ यांचे नाव तेथे आहे. ते नाव ज्या भिंतीवर आहे, तिच्यापलीकडे जेवणाऱ्यांवर एक जबाबदारी आपोआप येते.

ही जबाबदारी विद्यापीठाने कितपत पाळली, हा पुढचा प्रश्न.

ऱ्हास आणि पंक्तिभेद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थिसंख्या वाढली आणि मेमोरियल हॉल अपुरा पडू लागला. १८९९ च्या सुमारास रँडल हॉल हे दुसरे, स्वस्त भोजनगृह सुरू झाले. दुसरीकडे श्रीमंत विद्यार्थी खासगी निवासांत व निवडक क्लबांत जेवू लागले. १९१४ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःची भोजनगृहे असलेली नवी वसतिगृहे उघडली. एकाच छपराखालची पंगत अशा रीतीने अनेक बाजूंनी विरत गेली आणि १९२५ च्या सुमारास मेमोरियल हॉलमधील नियमित भोजन बंद झाले.

या ऱ्हासाचे कारण केवळ आर्थिक मानणे पुरेसे नाही. प्रथम वर्षाच्या वसतिगृहांत राहणे सक्तीचे होते. तरीही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश द्यायचा नाही, असे धोरण अध्यक्ष अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी अवलंबिले. हार्वर्डच्याच एका कृष्णवर्णीय पदवीधराच्या मुलाला या कारणाने नकार मिळाल्यावर १९२२-२३ मध्ये मोठा वाद उद्भवला आणि १९२३ मध्ये नियामक मंडळांना हे धोरण नाकारावे लागले. ज्या संस्थेने गुलामगिरीविरुद्ध लढलेल्यांची नावे संगमरवरावर कोरली, तिनेच साठ वर्षांच्या आत सहनिवास व सहभोजन यांत वर्णभेद आणला. मेमोरियल हॉलच्या वास्तूने जो भेद आखला नव्हता, तो नव्या व्यवस्थेने नियमांतून आणला.

याच संदर्भात स्त्रियांचाही विचार करावा लागतो. भोजनगृहात एक सज्जा होता. तेथून पाहुणे, त्यांत स्त्रियाही, जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना पाहत असत. सेरा वायमन व्हिटमन या स्त्री-कलावंताने घडविलेल्या काचखिडक्या या वास्तूत आहेत. परंतु खालच्या पंगतीत विद्यार्थिनींना स्थान नव्हते. स्त्रीला येथे सजावट करण्याचा आणि पाहण्याचा अधिकार होता, बसण्याचा नव्हता.

मराठी वाचकाला हार्वर्डचा परिचय आहे तो मुख्यतः कोसंबी पितापुत्रांमुळे. धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी तेथे गेले आणि पुढेही अनेकदा गेले. दामोदर कोसंबी यांनी १९२९ मध्ये तेथून पदवी घेतली. मेमोरियल हॉलची पंगत उठली तो काळ त्यांच्या विद्यार्थिदशेचाच होता. आपल्याकडील विद्वान ज्ञानाच्या शोधात तेथे पोहोचत असताना त्या विद्यापीठात सोबत राहण्या-जेवण्याचा प्रश्न वर्णाच्या आधारे लढविला जात होता, हे लक्षात घेतले म्हणजे पंक्तिभेद हा केवळ आपल्या समाजाचा दोष मानता येत नाही.

पुनरुज्जीवन

१९३० पासून लॉवेल यांच्याच काळात ‘हाउस’ पद्धती सुरू झाली आणि प्रत्येक हाउसला स्वतःचे भोजनगृह मिळाले. लॉवेल हाउसमध्ये तर हाय टेबलची प्रथाही आली. मेमोरियल हॉलचे विशाल दालन परीक्षा, नोंदणी, नृत्यसमारंभ यांपुरते उरले. तळघरात प्रयोगशाळा आल्या. ६ सप्टेंबर १९५६ रोजी मनोऱ्याच्या शिखराला आग लागली आणि पुढील ४३ वर्षे तो बोडकाच राहिला. आधुनिक वास्तुविचाराला व्हिक्टोरियन गॉथिक शैलीविषयी वाटणारी अनास्था या विलंबामागे होतीच. परंतु प्रस्तुत लेखकाला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. वास्तूचा रोजचा उपयोग संपल्यामुळे तिच्यासाठी आग्रह धरणारे कोणी उरले नव्हते. जेवणारे उठून गेले की स्मारकही ओस पडते.

१९९६ मध्ये व्हेंचुरी, स्कॉट ब्राउन आणि सहकारी या संस्थेच्या आराखड्यानुसार नूतनीकरण होऊन हे दालन अ‍ॅननबर्ग हॉल या नावाने प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांचे भोजनगृह झाले. १९९९ मध्ये मनोऱ्याचे शिखर मूळ आराखड्याप्रमाणे पुन्हा उभारले गेले. आधी पंगत परतली, मग शिखर परतले. हा क्रम वरील विधानास पुष्टी देतो. विद्यार्थी व विद्यार्थिनी, सर्व वर्णांचे आणि देशांचे, आता एकाच छताखाली जेवतात. १८७४ मध्ये वास्तूने दिलेले आश्वासन पूर्ण व्हायला सव्वाशे वर्षे लागली.

तथापि या पुनरुज्जीवनाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. भोजनगृह केवळ प्रथम वर्षासाठी आहे. पुढील वर्षांत विद्यार्थी आपापल्या हाउसमध्ये विभागले जातात. सर्वांची पंगत हा येथे प्रवेशाचा संस्कार आहे, कायमची रीत नाही.

समारोप

मेमोरियल हॉलच्या अभ्यासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वास्तू समतेची शक्यता निर्माण करू शकते, समतेची हमी देऊ शकत नाही. खांब नसलेले दालन, एकसारखी मेजे आणि शेजारी कोरलेली नावे ही सारी शक्यतेची साधने आहेत. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम नियम आणि माणसे यांचे असते. दुसरा निष्कर्ष असा की, स्मारक टिकते ते वापराने. ज्या मृतांच्या नावांजवळून रोज शेकडो विद्यार्थी जेवायला जातात, त्यांची आठवण कुलूपबंद दालनातील आठवणीपेक्षा अधिक जिवंत असते.

आपल्या महाविद्यालयांच्या बृहद्-आराखड्यांत वसतिगृहाची मेस बहुधा शेवटच्या पानावर, इमारतीच्या मागील बाजूस आणि उरलेल्या जागेत असते. प्राचार्य, अध्यापक आणि नियोजनकार यांनी ती पहिल्या पानावर आणावी. विद्यार्थी एकमेकांना वर्गात ओळखतात, पण एकमेकांना स्वीकारतात ते ताटावर. ती जागा कशी बांधायची, हा म्हणूनच शिक्षणाच्या धोरणाचा प्रश्न आहे.