एक वाघ, दोन उत्तरं

ताडोब्यात पांढरपौनीच्या पाणवठ्यावर वाघीण दिसली, फोटो मिळाला आणि तुम्ही ती नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली असं धरा. आता तीच नोंद दोघंजण त्याच्या एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रामना माहिती पुरवणाऱ्या खिडकीकडे, मागतात: लॉगिन केलेले तुम्ही आणि कुणी एक अनोळखी. नोंद एकच, पण परत येणाऱ्या जेसनचे, म्हणजे रकान्यांत मांडलेल्या उत्तराचे, पाठ दोन. एखाद्या पोथीचे दोन पाठ ताडून पाहावेत तसे ते शेजारी ठेवून वाचण्यात मजा आहे.

प्राण्याचं शास्त्रीय नाव, फोटो, ओळख पटवणाऱ्यांची मतं दोन्हींकडे सारखीच. फरक पडतो तो 'लोकेशन'पाशी. तुमच्या पाठात 'प्रायव्हेट लोकेशन' असा जादा रकाना असतो आणि त्यात खरे अक्षांश-रेखांश. अनोळखी माणसाच्या पाठात तो रकाना रिकामा नसतो, तो नसतोच. वाघ संकटग्रस्त, म्हणून त्याला मिळतो 0.2 अंश लांब-रुंद चौकटीतला कुठलातरी एक बिंदू. आपल्याकडे ही चौकट साधारण 22 बाय 21 किलोमीटरची भरते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 116.55 चौरस किलोमीटरचं; तशी जवळजवळ चार उद्यानं तिच्यात मावतील. वाघांचा प्रदेश अभ्यासणाऱ्याला एवढं पुरतं. फासे लावणाऱ्याला पुरत नाही, आणि ही भीती पुस्तकी नाही: 2025च्या जानेवारीत याच चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याकडे वाघाच्या शिकारीच्या प्रकरणात अटक झालीच होती.

मला भावतो तो शेजारचा छोटा रकाना. 'ऑब्स्क्युअर्ड: ट्रू'. बिंदू सरकवलेला आहे, हे उत्तर स्वतःच कबूल करतं. जाणता गुराखी असाच बोलतो. वनरक्षकाला तो नाल्याचं वळण सांगेल, जिप्सीतल्या पाहुण्याला म्हणेल, "हाये ना, जंगलातच हाये." खोटं एक अक्षर नाही.

खरी नजाकत मात्र तारखेत आहे. अनोळखी माणसाला फक्त महिना आणि वर्ष दिसतं. ठिकाण झाकलं तरी दिवस कशाला लपवायचा? तर त्याच सकाळी, दहा मिनिटं आधी, तुम्ही मोराचीही नोंद केलेली असते. मोर संकटग्रस्त नाही, त्याची जागा उघडी. दिवस कळला की मोरावरून वाघिणीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एक रकाना दुसऱ्याची चुगली करतो, हे ज्यानं ओळखलं त्याला दाद द्यायलाच हवी.

आणि हे सगळं सर्व्हरवर घडतं. एका सरकारी पोर्टलवर मी उलटं पाहिलंय: पडद्यावर रकाना दिसेना, पण ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला तर उत्तरात सगळा मजकूर जसाच्या तसा. त्याला लपवणं म्हणत नाहीत. ते नुसतं पांघरूण.

आयनॅचरलिस्टच्या विणीतही एक धागा सुटा आहेच. वर्णनाच्या रकान्यात माणूस हातानं जे लिहितो, ते दोन्ही पाठांत तसंच्या तसं जातं. तेव्हा वाघाच्या नोंदीखाली हौसेनं 'पांढरपौनी, सकाळी साडेसहा' लिहिलं असेल, तर आजच जाऊन खोडा.